गाडीखाली जाताय? आधी गाडी नीट उचलायला शिका

पावसाळा संपला की गाडीचा खालचा भाग एकदा बघून घ्यावा, असं प्रत्येक गाडीवाल्याला वाटतं. कुठे गंज लागला आहे का, स्पीडब्रेकरवर घासून खालचं कव्हर सुटलं आहे का, पार्किंगमध्ये फरशीवर पडलेला तो काळा थेंब इंजिन ऑइलचा आहे की एसीचं नुसतं पाणी आहे? बरं, यूट्यूबवर दहा मिनिटांचे व्हिडिओही भरपूर असतात. ते पाहून रविवारी सकाळी चहा झाल्यावर अनेक जण हातात पाना घेऊन खाली उतरतात. इथपर्यंत सगळं छानच आहे. स्वतःच्या गाडीची ओळख स्वतः करून घेण्यात मजा आहे आणि पैसेही वाचतात.

प्रश्न येतो तो गाडी उचलताना. ऑल्टोसारखी छोटी गाडीसुद्धा साधारण साडेसातशे किलोची असते, स्विफ्ट ९०० किलोच्या आसपास आणि इनोव्हा क्रिस्टा तर १८०० किलोच्या घरात. हे वजन तुमच्या छातीपासून एक वीतभर अंतरावर असणार आहे. म्हणून नट-बोल्ट आणि ऑइल फिल्टर शिकण्याआधी गाडी उचलायची कशी आणि उचललेली गाडी टेकवायची कशावर, हे शिकायला हवं. तुम्ही पुण्यात राहा, इंदूरला, बडोद्याला किंवा बंगळुरूला, सोसायटीचं पार्किंग असो की घरापुढचं अंगण, नियम सगळीकडे सारखेच आहेत.

सगळ्यात पहिला नियम

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, उचललेली गाडी धरून ठेवण्यासाठी नाही. लेख इथेच सोडून दिलात तरी चालेल, पण एवढं वाक्य लक्षात ठेवा. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं, छाती, हात, पाय काहीही जाता कामा नये. 'फक्त एक मिनिट बघतो' म्हणूनही नाही. घरात कोणी असं करताना दिसलं, तर तो वडीलधारा असला तरी त्याला थांबवा. गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेतही हीच सूचना असते, पण ती पुस्तिका आपण डॅशबोर्डच्या कप्प्यातून बाहेर काढतो कुठे?

उचलण्याआधी विचारा, खरंच उचलायची गरज आहे का?

नुसतं बघायचं असेल तर गाडी उचलण्याची अजिबात गरज नाही. मोबाइलचा फ्लॅश सुरू करून व्हिडिओ रेकॉर्डिंग लावा आणि सेल्फी स्टिकवर फोन बसवून हळूहळू गाडीखालून फिरवा. ऑइल कुठून गळतंय, कोणती वायर उंदराने कुरतडली आहे, सायलेन्सरचा पट्टा सुटला आहे का, हे बहुतेक वेळा त्या व्हिडिओतच दिसतं. तोच व्हिडिओ तुमच्या मेकॅनिकला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात तर अर्धं निदान घरबसल्या होतं.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे गाडी धुण्याचं सेंटर. तिथे गाडी रॅम्पवर किंवा लिफ्टवर चढलेली असतेच. 'दोन मिनिटं खालून बघू का?' असं विचारलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. समुद्रकिनाऱ्याजवळ, म्हणजे कोकणात, गोव्यात, मुंबईत किंवा चेन्नईत राहणाऱ्यांनी तर ही सवय लावूनच घ्यावी, कारण खाऱ्या हवेत पत्र्याला गंज लवकर धरतो.

पण ऑइल बदलायचं आहे, कव्हर बसवायचं आहे, असं प्रत्यक्ष काम असेल तर मात्र गाडी वर घ्यावीच लागते. त्यासाठी घरी वापरता येण्यासारखी साधनं कोणती आणि प्रत्येकाची मर्यादा काय, ते पाहूया.

१. गाडीसोबत मिळणारा स्क्रू जॅक

डिकीत स्टेपनीजवळ ठेवलेला, कैचीसारखा उघडणारा हा जॅक सगळ्यांच्या ओळखीचा. टॉमी फिरवली की मधला स्क्रू फिरतो आणि जॅक उंच होतो. यात तेल नसतं, त्यामुळे तो गळून खाली बसत नाही. याचा धोका वेगळा आहे. त्याचा पाया जेमतेम तळहाताएवढा असतो. गाडी जरा पुढे-मागे सरकली की तो तिरका होतो आणि आडवा पडतो. पंक्चर झालेलं चाक बदलणं, बस, एवढ्याच कामासाठी तो दिलेला असतो.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. तुमच्या गाडीत तो आहे का? २०२० मध्ये केंद्र सरकारने नियमात बदल केला. ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं किट आणि टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीशिवाय विकायला परवानगी मिळाली. त्यामुळे काही नव्या गाड्यांत स्टेपनी नाही, आणि मग जॅकही नसतो.

२. बाटली जॅक

ट्रक आणि टेम्पोवाल्यांकडे हमखास दिसणारा हा हायड्रॉलिक जॅक. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम इथे कामाला येतो. छोट्या पिस्टनवर दिलेला दाब तेलातून मोठ्या पिस्टनपर्यंत पोहोचतो. मोठ्या पिस्टनचं क्षेत्रफळ वीसपट असेल, तर २० किलोच्या जोरावर ४०० किलो उचलले जातात. वर टॉमीच्या लांबीचा फायदा मिळतो तो वेगळाच. म्हणून घरातली कोणतीही व्यक्ती एका हाताने गाडी उचलू शकते.

पण हा सगळा भार आत एका रबरी सीलवर आणि एका छोट्या व्हॉल्व्हवर तोललेला असतो. सील झिजलं किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की जॅक हळूहळू बसतो, कधी एकदमही बसतो. शिवाय छोट्या बाटली जॅकची मूळ उंचीच साधारण १६ ते २० सेंटिमीटर असते. आपल्या बऱ्याच हॅचबॅक गाड्यांचा ग्राउंड क्लीअरन्स १६ ते १७ सेंटिमीटर. टायर बसलेला असेल तर जॅक खाली जातच नाही. उंच एसयूव्हीसाठी ठीक, छोट्या कारसाठी गैरसोयीचा. आणि तो नेहमी सरळ उभाच हवा, जरा तिरका ठेवलात की घसरलाच समजा.

३. ट्रॉली जॅक

टायरवाल्याकडे चाकं असलेला, लांब दांड्याचा जो जॅक असतो, तो हा. पाया रुंद, उचलायला सोपा. घरी नियमित काम करायचं असेल तर हाच घ्या. दोन टन क्षमतेचा छोटा ट्रॉली जॅक काही हजारांत मिळतो आणि हॅचबॅक, सेडानसाठी पुरतो. मोठ्या एसयूव्हीसाठी तीन टनांचा घ्या.

याची एक गंमत अनेकांना माहीत नसते. ट्रॉली जॅकचा उचलणारा हात सरळ वर जात नाही, तो कमानीसारखा वर जातो. त्यामुळे गाडी उचलली जात असताना जॅक स्वतः थोडा पुढे सरकावा लागतो. म्हणूनच त्याला चाकं दिलेली असतात. मातीत, खडीत किंवा खडबडीत पेव्हर ब्लॉकवर ही चाकं अडकली, तर जॅक सरकत नाही आणि त्याचं डोकं गाडीच्या पॉइंटवरून घसरतं. तेव्हा जॅक लावण्याआधी जमीन झाडून घ्या. एक छोटा खडासुद्धा चाक अडवायला पुरेसा असतो.

४. जॅक स्टँड

आता खरा हिरो. तीन किंवा चार पायांचा, लोखंडी, उंची कमी-जास्त करता येणारा हा स्टँड. यात तेल नाही, सील नाही. एकदा दात्यात अडकला किंवा पिन घातली की धातूवर धातू बसतो. जॅकने गाडी उचलायची, स्टँड खाली ठेवायचा, जॅक हळू सोडून गाडीचा भार स्टँडवर घ्यायचा, हाच योग्य क्रम.

विकत घेताना खोक्यावरचा आकडा नीट वाचा. लिहिलेली क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, हे दुकानदाराला विचारा. पिनवाला असेल तर पिन जाड आणि मूळचीच हवी. तिच्या जागी घरातला खिळा किंवा बोल्ट घालू नका.

५. गाडी चढवायचे रॅम्प

दोन उतरते ठोकळे, ज्यांवर पुढची दोन्ही चाकं चढवायची. जॅक नाही, स्टँड नाही. गाडी स्वतःच्या चाकांवरच उभी राहते. इंजिन ऑइल बदलणं किंवा खालचं कव्हर बसवणं यासाठी नवशिक्यांना हाच पर्याय सर्वांत सोपा. फक्त चाक काढायचं काम रॅम्पवर होत नाही, कारण भार चाकावरच असतो.

रॅम्प गुळगुळीत फरशीवर मागे सरकतात, म्हणून खाली रबरी मॅट टाका. एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने बाजूला, चाकाच्या रेषेत दिसेल असं उभं राहून सांगायचं. गाडीच्या समोर किंवा मागे कोणी उभं राहायचं नाही. चाक वर पोहोचलं की हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका आणि मागच्या चाकांना पाचर लावा. तुमच्या गाडीचा बंपर फार खाली असेल तर आधी तपासा, नाहीतर तो रॅम्पला घासतो.

६. खड्डा आणि लिफ्ट

जुन्या गॅरेजमध्ये जमिनीत खणलेला खड्डा असतो. गावी मोठी जागा आहे म्हणून काही जण घरीही असा खड्डा करून घेतात. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीवर पेटू शकते. शिवाय पावसाचं पाणी आणि घरातली लहान मुलं, हे दोन धोके आहेतच. गॅरेजमधली दोन किंवा चार खांबांची लिफ्ट उत्तम, पण तिला भक्कम काँक्रीट आणि नियमित देखभाल लागते. घरासाठी ही दोन्ही साधनं नकोतच.

विटा, चिरे आणि सिमेंटचे ब्लॉक? अजिबात नाही

आपल्याकडे सर्रास दिसणारा जुगाड म्हणजे विटा रचून त्यावर गाडी टेकवणं. कोकणात जांभ्याचा चिरा, शहरात सिमेंटचा पोकळ ब्लॉक. भिंतीत हेच ब्लॉक एवढा भार सहन करतात, मग इथे का नाही? कारण भिंतीत भार पूर्ण पृष्ठभागावर पसरलेला असतो. गाडीचा भार मात्र एका छोट्या टोकावर येतो. तिथून वीट किंवा ब्लॉकला तडा जातो आणि तो कोणतीही सूचना न देता फुटतो.

आधार द्यायचाच असेल तर जाड, भरीव लाकडी ठोकळे एकावर एक आडवे-उभे रचून वापरा. लाकूड तुटण्याआधी करकरतं, दबतं, म्हणजे काहीतरी इशारा देतं. तरीही तो जास्तीचा आधार समजा, स्टँडची जागा त्याला देऊ नका.

जागा कशी निवडाल?

- जमीन सपाट आणि टणक हवी. बेसमेंटच्या उतारावर काम करू नका.
- पेव्हर ब्लॉक आणि मातीत स्टँडचे पाय रुततात. खाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवा.
- उन्हाळ्यात डांबर मऊ होतं, दुपारी तर नक्कीच. तिथेही प्लायवूड लागेलच.
- अंगणातल्या स्टाइल्सवर जॅक लावू नका. त्या फुटतात आणि घसरतातही.
- सोसायटीत काम करणार असाल तर आधी परवानगी विचारा आणि सांडलेल्या ऑइलसाठी भुसा किंवा जुनं कापड जवळ ठेवा.

हँडब्रेक लावला, तरी चाकाला पाचर का?

हा भाग जरा लक्ष देऊन वाचा, कारण बहुतेक चुका इथेच होतात. जवळपास सगळ्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. म्हणजे तुम्ही मागची दोन्ही चाकं उचललीत की हँडब्रेक जमिनीवरच्या कोणत्याही चाकाला धरत नाही.

मग गिअर टाकून ठेवला तर? आपल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात, त्यामुळे गिअर पुढच्या चाकांना धरतो. पण पुढचं एक चाक जरी उचललं, तरी मधल्या डिफरन्शियलमुळे ते हवेतलं चाक मोकळं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं चाकही मोकळं होतं. म्हणजे गिअरचा भरवसा संपला.

म्हणूनच हँडब्रेक, गिअर आणि पाचर, तिन्ही लावा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर 'पी'वर ठेवा. पुढची बाजू उचलत असाल तर मागच्या दोन्ही चाकांना, आणि मागची बाजू उचलत असाल तर पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून अशी दोन्हीकडून पाचर लावा. रस्त्यावरचा गोल दगड चालत नाही, तो घरंगळतो. तिरका कापलेला लाकडी ठोकळा किंवा रबरी पाचर घ्या.

जॅक कुठे लावायचा?

दरवाजाखालच्या पट्टीवर, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, दोन छोट्या खाचा किंवा खुणा असतात. तिथला पत्रा मुद्दाम मजबूत केलेला असतो. जॅक तिथेच लावायचा. ऑइल पॅन, गिअरबॉक्स, सायलेन्सर, रेडिएटरखालची पट्टी किंवा सपाट फ्लोअर यांना जॅक टेकवलात तर हजारांचं नुकसान होईल आणि गाडी घसरेल ते वेगळंच.

इथे नवशिक्यांना एक कोडं पडतं. जॅकही त्याच खाचेवर आणि स्टँडही त्याच खाचेवर, मग दोन्ही एकाच जागी बसणार कसे? अनेक गाड्यांना पुढे मध्यभागी, इंजिनाखालच्या आडव्या मजबूत भागावर जॅक लावता येतो. तिथून उचलायचं आणि बाजूच्या खाचांवर स्टँड लावायचे. पण प्रत्येक गाडीची रचना वेगळी असते, त्यामुळे माहितीपुस्तिकेत तो पॉइंट दाखवलेला असेल तरच वापरा. नसेल तर पुढच्या बाजूच्या कामासाठी सरळ रॅम्प घ्या.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी विशेष काळजी घ्यावी. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांमध्ये बॅटरी फ्लोअरखालीच असते. जॅक चुकीच्या जागी लागला तर थेट बॅटरीला धक्का बसतो. नारिंगी रंगाच्या केबल दिसल्या तर त्या उच्च दाबाच्या आहेत, हात लावू नका. सीएनजी गाडीत खालून जाणाऱ्या गॅसच्या पाइपचंही तसंच.

एक, दोन, तीन… असा क्रम ठेवा

१. गाडीतून सगळ्यांना उतरवा. झोपलेलं बाळ आत आहे म्हणून 'राहू दे' म्हणू नका.

२. गाडी नुकतीच चालवली असेल तर तासभर थांबा. सायलेन्सर आणि ऑइल दोन्ही भाजतात.

३. हँडब्रेक, गिअर, पाचर. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर चावी गाडीपासून लांब, घरात ठेवा.

४. चाक काढायचं असेल तर नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. हवेत असताना जोर लावलात तर गाडी हलते.

५. हळूहळू उचला. दोन्ही बाजू उचलायच्या असतील तर एक बाजू थोडी, मग दुसरी थोडी. लागेल तेवढीच उंची घ्या.

६. स्टँड लावा, दोन्ही स्टँड एकाच खाचेवर लॉक झालेत का ते पाहा, मग भार त्यांवर सोडा.

७. आता गाडीला बाजूने जोराने हलवून बघा. हलली, करकरली, तर खाली घेऊन पुन्हा लावा. पडायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे.

८. जॅक काढून टाकू नका, पॉइंटला हलका टेकवून ठेवा. काढलेलं चाक किंवा स्टेपनी दाराखालच्या पट्टीखाली आडवी सरकवा. स्टँड चुकला तरी मध्ये जागा राहते.

खाली जाताना ओढणी, बांगड्या, गळ्यातली साखळी काढा, केस बांधा आणि डोळ्यांवर साधा चष्मा असू द्या. वरून माती आणि गंज थेट डोळ्यात पडतो. काम झाल्यावर खाली काही राहिलं नाही ना ते पाहा, मगच गाडी पुन्हा थोडी उचलून स्टँड काढा आणि व्हॉल्व्ह अगदी हळू सोडा.

एकट्याने काम करू नका

घरातलं कोणीतरी जवळ असायलाच हवं. आई, बायको, भाऊ, कॉलेजला जाणारी मुलगी, कोणीही चालेल. त्यांना गाडीतलं काही कळायची गरज नाही. त्यांचं काम एवढंच, लहान मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवणं, कोणी गाडीला टेकणार नाही हे पाहणं आणि अधूनमधून हाक मारणं.

त्यांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. काही विपरीत घडलं तर माणसाला ओढायचं नाही. लगेच ११२ वर फोन करायचा, शेजाऱ्यांना हाक मारायची आणि जवळ ठेवलेल्या जॅकने गाडी पुन्हा उचलून खाली स्टेपनी किंवा ठोकळे सरकवायचे. आणि दुसरं, जॅक कसा चालवायचा ते त्यांना आजच एकदा करून दाखवायचं. हायवेवर पंक्चर झाल्यावरही हे शिकणं उपयोगी पडेल. फक्त तिथे चाक बदलायचं, गाडीखाली जायचं नाही.

काय घरी, काय गॅरेजमध्ये?

ऑइल आणि फिल्टर बदलणं, खालचं कव्हर बसवणं, गंज पाहून तिथे गंजरोधक लावणं, ही कामं घरी जमतात. जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या. क्लच, गिअरबॉक्स, पेट्रोलची टाकी, सीएनजीची लाइन आणि इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी ही कामं मेकॅनिकचीच. गाडी वॉरंटीत असेल तर कोणत्या कामाने वॉरंटी जाते, हे आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

खरेदी करताना बजेट कमी असेल, तर आधी स्टँडची चांगली जोडी घ्या आणि दोन पाचरी. ट्रॉली जॅक महिन्याभराने आला तरी चालेल, तोवर गाडीखालचं काम थांबू द्या. दिवाळीत घरासाठी काहीतरी उपयोगी घ्यायचं मनात असेल, तर गाडीवर प्रेम असलेल्या माणसाला हा सेट भेट म्हणून नक्की आवडेल. आणि तो गाडीखाली गेल्यावर तुम्हीही निवांत राहाल.